भोंग्यातली टिडिक

कापूरआळीत गेली अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसहा वाजता चार भोंग्यांतून एकच आवाज यायचा, आणि तो आवाज असायचा फान वेनत्सुंग यांचा. उद्या पाणी येणार नाही. शनिवारी डासांची फवारणी आहे, कुंड्यांखालचं पाणी ओतून टाका. सतरा नंबरच्या आजींचं पांढरं मांजर सापडलंय, एका कानावर काळा ठिपका आहे, ओळख पटवून घेऊन जा. हे सगळं फानसाहेब असं वाचायचे, की त्या मांजरालासुद्धा आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटावं!

खरं तर हे काम आळीप्रमुख चुआंग यांचं. निवडून आले होते ते. पण चुआंग यांच्या गालात सकाळपासून सुपारीचा विडा असे, आणि त्यांनी वाचलेलं 'उद्या पाणी बंद' अर्ध्या आळीला गुळण्या केल्यासारखं ऐकू येई. (एकदा लोकांनी 'पाणी भरा' ऐवजी 'पळा' ऐकलं आणि तीन कुटुंबं खरोखर पळाली होती.) म्हणून त्यांनी एके दिवशी फानसाहेबांना माईकसमोर बसवलं, ते बसवलंच. पगार नाही, पण मान! आणि मान ही वस्तू फानसाहेबांना दुसरीकडे कुठेच मिळत नव्हती. जमीन नोंदणीच्या कचेरीत ते चार नंबरच्या खिडकीत बसत आणि दिवसभर त्यांना एकच वाक्य बोलायला मिळे, 'सहा नंबरला जा.' घरी तेवढंही नाही. घरी त्यांच्या पत्नी श्यूलान बोलत.

या वर्षी तर त्यांचा आवाज सोन्याच्या भावाचा होता. समुद्रदेवीची पालखी बारा वर्षांनी कापूरआळीतून जाणार होती आणि स्वागत भोंग्यावरून व्हायचं होतं. मागच्या पालखीला फानसाहेब गर्दीत सगळ्यात मागे उभे होते. त्यांना देवी दिसलीच नव्हती, फक्त पुढच्या माणसाची टोपी दिसली होती. यंदा आख्खी आळी, आख्खी मिरवणूक आणि खुद्द देवी त्यांना ऐकणार होती. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, आंघोळ करताना म्हणून पाहिला, स्कूटरवर म्हणून पाहिला. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली.

आणि नेमकं पालखीला महिना असताना ते सुरू झालं.

ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत डोळेतपासणीची घोषणा चालली होती. "ज्यांना जवळचं दिसत नाही अशा सर्व आजी-आजोबांनी..." एवढ्यात भोंग्यातून आलं, टिडिक-टिडिक-टिडिक, टिडिक-टिडिक, भर्रर्रर्र! फानसाहेब थांबले. आवाजही थांबला. त्यांनी पुन्हा 'जवळचं' म्हटलं, तर पुन्हा भर्रर्र! आजी-आजोबांना तपासणी डोळ्यांची आहे की दातांची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. चौघे जण जबडा धरून आले.

कापूरआळीची संसद रोज संध्याकाळी सात वाजता कोपऱ्यावर भरते. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येईपर्यंत सगळे आपापल्या पिशव्या घेऊन उभे असतात, आणि हातात कचरा असला की माणसाला सल्ला द्यायचा फार जोर येतो.

"उंदीर आहे," काओ आजोबा म्हणाले. त्यांच्या गच्चीवर शर्यतीची कबुतरं होती, आणि जगातलं प्रत्येक वाईट काम उंदीर नाहीतर मांजर करतं असं त्यांचं मत होतं.

"बरोबर साडेसहाला येणारा उंदीर?" फानसाहेबांनी विचारलं.

"घोषणा ऐकायला येत असेल. आमच्यापेक्षा तोच लक्ष देऊन ऐकतो म्हणायचं."

"अहो, मोबाईल आहे तो," लुओ हार्डवेअरवाले म्हणाले. "टीव्हीजवळ मोबाईल ठेवला की माझ्याकडे असंच होतं. आधी टिडिक-टिडिक, मग बायकोचा फोन. आता नुसतं टिडिक ऐकलं तरी मला घाम फुटतो."

दुसऱ्या दिवशी फानसाहेबांनी देवीची शपथ घालून सगळ्या आळीला दहा मिनिटं मोबाईल बंद ठेवायला लावले. स्वतःचा तर ते कधी आणतच नसत. आळीप्रमुख चुआंग यांनीसुद्धा खिशातून आपला फोन काढून काळा पडदा दाखवला, "हा बघ फान, मेला." (चुआंगांचा त्याआधीचा फोन, आकडे लावायच्या नादापायी, चुआंगबाईंनी उकळत्या सूपमध्ये बुडवला होता, हे आळीला ठाऊक होतं. ते सूप मात्र वाया गेलं नाही, असं म्हणतात.) फानसाहेबांनी घसा साफ केला, माईक उघडला, आणि पहिल्याच वाक्याला टिडिक-टिडिक-भर्रर्र!

मग संशय वर गेला. अगदी वर, म्हणजे याओमावशींच्या गच्चीवर.

याओमावशी एकतीस नंबरमध्ये सकाळच्या नाश्त्याचं दुकान चालवत. फानसाहेब रोज सकाळी सात वाजता तिथे उभे राहिले, की मावशी मान वर न करता तव्यावर त्यांची अंड्याची पोळी टाकत. कांदा नाही, सात तुकडे, आणि एका बाजूला तिखट सॉसचा असा फवारा की बघणाऱ्याला ठसका लागावा. अकरा वर्षांत मावशींनी 'काय घालू' असं एकदाही विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी गच्चीवर आणखी एक टाकी बसवून घेतली आणि तेव्हापासून दर सोमवारी दुकान बंद ठेवून त्या गुडघ्यांना शेक देत बसू लागल्या.

"एकट्या बाईला तीन टाक्या कशाला?" लुओंनी विचारलं.

"आणि तिसरीला नळच नाही," काओ आजोबा म्हणाले. "माझी कबुतरं रोज बघतात."

ती टाकी नव्हतीच. टाकीच्या वेषातला मोबाईलचा टॉवर होता! कंपनी भाडं देत होती, आणि मावशी सोमवार विकत घेत होत्या.

फानसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आपण सरकारी माणूस, सरकारशी आपल्याला बोलता येतं, असा त्यांचा समज होता. पहिल्या कचेरीने सांगितलं, आवाज म्हणजे पर्यावरण. पर्यावरणवाल्यांनी एक गंभीर माणूस यंत्र देऊन पाठवला. त्याने भोंग्याखाली उभं राहून घोषणा ऐकली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "टिडिक मर्यादेत आहे. तुमचा आवाज मर्यादेच्या वर आहे." आणि लेखी समज दिली! फानसाहेबांच्या नावाने! अकरा वर्षांच्या सेवेचं हे पहिलं सरकारी प्रमाणपत्र.

दुसरी कचेरी लहरींची.

"तक्रार ध्वनीची आहे की लहरीची?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"टिडिकची आहे."

"असा रकाना नाही."

"मग जवळचा कुठला असेल तो लिहा."

बाईंनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला, आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सहा नंबरला जा."

फानसाहेब सहा नंबरला गेले. हे वाक्य समोरून कसं लागतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी मोबाईल कंपनीने एक इंजिनिअर पाठवली. डोक्यावर हेल्मेट, पायात गमबूट, वय असेल पंचवीस. तिने आळीप्रमुखांच्या कचेरीतली ती छोटी खोली पाहिली. टेबल, माईक, अँप्लिफायर, आणि अँप्लिफायरवर नारळाच्या चवीच्या कुरकुरीत पोंग्यांचं हिरवं पाकीट.

आता या पाकिटाबद्दल. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते यंत्रावर ठेवायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाकीट हिरवंच हवं. पिवळं ठेवलं की यंत्र रुसतं, लाल ठेवलं की संपावर जातं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि फोडायचं तर मुळीच नाही, फोडलं की गुण उडून जातो. इंजिनिअर मुलीने अँप्लिफायरच्या चारी बाजूंनी हात फिरवला, पण पाकिटाला बोटही लावलं नाही. उलट किंचित वाकली. त्यांच्या कंपनीतही प्रत्येक यंत्रावर एकेक होतं.

"काका," ती म्हणाली. (काका! फानसाहेबांनी इथेच कान बंद केले.) "टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो. टॉवर लांब गेला की तोच फोन बोंबलायला लागतो. टाकी काढलीत तर टिडिक वाढेल. तुमच्या या यंत्राच्या अगदी जवळ कुठलातरी फोन आहे, हातभर अंतरावर. तो शोधा."

"या खोलीत मी असतो, माईक असतो आणि हे पाकीट असतं. यांतलं कोण फोन करतं, सांगा."

तिने पाकिटाकडे पाहिलं, पुन्हा किंचित वाकली आणि निघाली. फानसाहेबांना जिंकल्यासारखं वाटलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

कारण जिंकल्यासारखं वाटलेला माणूस 'टाकी हटवा' म्हणून सह्या गोळा करतो. कचऱ्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला सही नाकारता येत नाही. एका हातात ओला कचरा, दुसऱ्या हातात पेन, पळणार कुठे? लुओंनी डोकेदुखी लिहिली. काओ आजोबांनी लिहिलं, कबुतरं वाट चुकतात. (ती टाकी यायच्या आधीपासून चुकत होती. एक तर जपानला जाऊन राहिलं होतं असा त्यांचाच दावा होता.) सगळ्यात वर, सुंदर अक्षरात, फान वेनत्सुंग.

मावशींनी ती यादी दुकानाच्या काचेतून पाहिली. पोळी गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाल्या, "फानसाहेब, टाकी माझी आहे. आवाज माझा नाही."

"मावशी, हे वैयक्तिक नाही हो."

"गुडघे वैयक्तिक आहेत माझे," मावशी म्हणाल्या, आणि तरीही तिखटाचा फवारा नेहमीसारखाच मारला. तो त्या दिवशी त्यांना फारच झोंबला.

कंपनी भांडत बसली नाही. दोन दिवसांत क्रेन आली आणि टाकी गेली.

आणि झालं काय? आळीतले मोबाईल मुके झाले! लुओ दुकानाच्या स्टुलावर चढून एका पायावर उभे राहून बोलू लागले. काओ आजोबांच्या सुनेने तर आवारातल्या पेरूच्या झाडावर खुर्ची बांधली. आणि साडेसहाला फानसाहेबांनी विजयाची घोषणा करायला माईक उघडला, तेव्हा भोंग्यातून जे आलं त्याला टिडिक म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणणं. टिडिक-टिडिक-टिडिक-भर्रर्रर्रर्र! काओ आजोबांची एकूणएक कबुतरं एकदम उडाली.

"फान, जरा ऊठ बघू," चुआंग म्हणाले. "मी वाचून पाहतो."

दुसऱ्या संध्याकाळी ते बसले, गालात विडा तसाच, आणि वाचलं. एक टिडिक नाही! तिसऱ्या दिवशीही नाही. पुढचे दोन दिवसही नाही. शब्द कळत नव्हते, पण जे कळत नव्हतं ते अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

झालं. संसदेचा निकाल लागला. दोष फानसाहेबांच्या अंगातच आहे.

"दात दाखवा," लुओ म्हणाले. "तो मागचा चांदीचा? तोच! लहर पकडतो तो."

"रबरी बूट घालून बसा," काओ आजोबा म्हणाले. "आणि पट्टा काढा. पट्ट्याला लोखंडी बक्कल आहे."

आणि फानसाहेबांनी केलं! हसू नका, केलं. पालखीला आठ दिवस उरले होते आणि माणूस बुडत होता. शेवटची एक संधी मागून ते गमबूट घालून, पट्ट्याऐवजी नाडी बांधून, तोंडात चांदीच्या दातावर कापसाचा बोळा दाबून माईकसमोर बसले. अँप्लिफायरला स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला. घोषणा बोबडी झाली, पँट सैल झाली, आणि टिडिक आली ती आलीच.

घरी श्यूलान भाजी निवडत म्हणाल्या, "मला तर आधीपासून शंका होती. आपल्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बघा, तुम्ही बोलायला लागलात की खरखर सुरू होते."

"तेव्हा मोबाईल तरी होते का?"

"तेच तर म्हणतेय."

पालखीचं स्वागत चुआंगच वाचणार, असं ठरलं. फानसाहेबांचा मजकूर त्यांनी मागवून घेतला. "छान लिहिलंयस," म्हणाले, आणि त्याच्यावर सुपारीचा एक लाल थेंब पडला.

पालखी रविवारी. शनिवारी दुपारी चुआंग जेवून घोरत असताना फानसाहेब कचेरीत शिरले. किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. चंदेरी कागद आपला आहे, तो काढून घ्यावा, एवढंच कारण; निदान स्वतःला त्यांनी तेवढंच सांगितलं. मग ते आपल्या खुर्चीवर बसले. माईककडे पाहिलं. पाकिटाकडे पाहिलं. आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर छापलेली तारीख त्यांना पहिल्यांदाच दिसली.

महिन्यापूर्वीच उलटली होती!

फानसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दात नाही, बक्कल नाही, आपण नाही! शिळं पाकीट! महिनाभर बिचारं यंत्र गुण संपलेल्या पोंग्यांवर चाललं होतं! आता धावत दुकानात जायचं, ताजं हिरवं पाकीट आणायचं, आणि सगळ्या आळीसमोर तारीख वाचून दाखवायची, मोठ्याने, सावकाश. त्यांनी पाकीट उचललं.

ते जड होतं.

पोंग्यांचं पाकीट फुंकरीने उडतं. हे साबणाच्या वडीएवढं जड होतं. मागच्या बाजूने कुणीतरी नीट चिरून चिकटपट्टी लावली होती. फानसाहेबांनी पट्टी काढली, आत हात घातला, आणि पोंग्यांच्या भुग्यातून एक छोटा मोबाईल बाहेर आला. घंटा बंद. पडद्यावर चुकलेल्या फोनांचे ढीग आणि संदेशांत नुसते आकडे, आकडे, आकडे.

"ठेव ते," दारातून आवाज आला. चुआंग नुसत्या गंजीफ्रॉकवर उभे होते. आज त्यांच्या तोंडात विडा नव्हता, त्यामुळे शब्द अगदी नीट कळले.

"प्रमुख, हा तुमचा?"

"मग काय देवीचा? घरी ठेवला तर ती सूपमध्ये घालते. जगात कोणी हात लावणार नाही अशी एकच जागा आहे, ही. कोणाची टाप आहे हिरवं पाकीट फोडायची?"

"आणि तुम्ही वाचता तेव्हा..."

"तेव्हा बंद करतो. त्या पायी चार दिवस माझे आकडे हुकले, माहितीय? साडेसहा ही आकड्यांची वेळ. तुला काय वाटतं, मला वाचायची हौस आहे? टाकी गेल्यावर लोक ही खोली धुंडाळायला लागले असते, म्हणून बसलो."

"मावशींची टाकी गेली, प्रमुख!"

"ती मी काढली? पहिली सही कोणाची?"

चुआंग आत आले, खुर्ची ओढली, टेबलाच्या खणातून दोन कागद काढले. आवाज एकदम मऊ केला.

"हे बघ, फान. पालखी तू वाच. तुझंच आहे ते, माझ्याने नाही व्हायचं. देवी परत फिरेल. फोन उद्या बंद ठेवतो. पण आधी हा छोटा कागद वाचायचा. लोक विचारतायत, टॉवर कशाला काढला, मोबाईल लागत नाहीत. मला पुढच्या वर्षी निवडून यायचंय. एक वाच, दुसरा तुझा."

छोट्या कागदावर चार ओळी होत्या. फानसाहेबांनी त्या वाचल्या. मग मोठा कागद पाहिला, स्वतःच्या अक्षरातला, लाल थेंबाचा. बाहेर मांडव घालणारे बांबू टाकत होते.

त्यांनी मोबाईल भुग्यात ठेवला. चिकटपट्टी जागच्या जागी बसवली. अंगठ्याने दाबून, नीट, चुणी न पडू देता. कचेरीत शिक्का मारतात तसं.

रविवारी आळी तुडुंब भरली. ढोल कोपऱ्यावर येऊन थांबले, पालखी दिसू लागली, आणि चार भोंग्यांतून फानसाहेबांचा आवाज आला. "सर्व रहिवाशांना कळवण्यात येते, की भोंग्यातील आवाजाचे मूळ एकतीस क्रमांकाच्या घराच्या छतावर होते..."

इथे ते थांबले. कोणाला वाटलं श्वास घेतायत. ते वाट बघत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते त्या टिडिकची वाट बघत होते. एकदाच यावी. एक भर्रर्र यावी आणि हे वाक्य खाऊन टाकावं.

भोंगे काचेसारखे स्वच्छ होते.

"...व नागरिकांच्या जागरूकतेमुळे ते काढून टाकण्यात आले आहे," फानसाहेबांनी पूर्ण केलं, आणि दुसरा कागद उचलला.

स्वागत असं झालं म्हणतात, की पालखी उचलणाऱ्यांनीही पावलं आवरली. लुओंनी टाळ्या वाजवल्या. काओ आजोबा रडले. "बघा, टाकी गेली आणि आवाज कसा मोकळा झाला!" असं सगळी आळी एकमेकांना सांगत होती. श्यूलानसुद्धा म्हणाल्या, "बरं वाचलंत हो." खिडकीतून देवी दिसते का म्हणून फानसाहेबांनी मान उंचावली, पण खोलीची खिडकी मागच्या गल्लीत उघडत होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. फानसाहेब सवयीने सात वाजता निघाले आणि मग त्यांना आठवलं, की सोमवारी दुकान बंद असतं. त्यांना हायसं वाटलं. वळणार तोच त्यांना तव्याचा आवाज आला.

दुकान उघडं होतं. याओमावशी एका हाताने ओट्याला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत पोळी पसरत होत्या.

"या या, फानसाहेब!" रांगेतले लुओ म्हणाले. "काय आवाज लागला काल! आळीचं नाव काढलंत!"

रांग पुढे सरकली. फानसाहेबांची पाळी आली. मावशींनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं, रस्ता विचारायला थांबलेल्या परगावच्या माणसाकडे पाहावं तसं.

"कांदा घालू का, साहेब?" त्यांनी विचारलं. "आणि तिखट?"

फानसाहेबांनी तोंड उघडलं. चार भोंग्यांना पुरून उरणारा तो आवाज, पण त्या ओट्यापलीकडेही गेला नाही. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कोणालाच कळलं नाही.

मावशींनी पोळीवर मूठभर कांदा टाकला, तिचे मोजून आठ तुकडे केले आणि बिनतिखटाची बांधून दिली.